१९४३ चा पोलादी सेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेहून आलेल्या मावशीच्या जुन्या पर्समध्ये, आजोबांच्या पेटीत, नाहीतर जुन्या बाजारात परदेशी नाण्यांच्या ढिगात हे नाणं सापडतं. करड्या रंगाचं, आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढं, एका बाजूला लिंकनचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतं: ‘हे नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती!’ आणि माझा फोन वाजतो.

गेली अनेक वर्षं मी युद्धकाळातली नाणी जमवतो आहे. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एका जागी ठेवलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे नाणं दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती त्याची मूळ, कुणी हात न लावलेली कातडी. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ यातच आहे.

माझ्याकडे १९४३ चा करडा अमेरिकन सेंट आहे. किती मिळतील?

वापरून झिजलेला, काळपट पडलेला असेल तर दहा सेंटपासून फार तर अर्ध्या डॉलरपर्यंत. म्हणजे टपरीवरच्या एक-दोन कटिंगचे पैसे. गंजाचे ठिपके असतील तर तेवढेही नाहीत.

न वापरलेला, मूळ झिलई शाबूत असलेला असेल तर दोन-पाच डॉलरपासून पंधरा-वीस डॉलरपर्यंत जातो. त्याच्या वर मात्र जिना एकदम चढा होतो. नाण्याचा दर्जा ७० पैकी गुणांत मोजतात आणि न वापरलेल्या नाण्यांची मोजणी एमएस-६० पासून सुरू होते (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, टांकसाळीतून निघाल्यासारखं). एमएस-६५ चं नाणं सहज मिळतं. एमएस-६७ ला शंभर डॉलरच्या आसपास मोजावे लागतात आणि एमएस-६८ ला हजाराच्या वर. साल तेच, ठसा तोच, धातू तोच. फरक एवढाच की इतकी वर्षं त्या पृष्ठभागावर ओरखडा आला नाही, घाम लागला नाही, दमट हवा बसली नाही. पोलादावरच्या जस्ताच्या पातळ थरासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि त्या किमतीत मला काही गैर वाटत नाही.

पेनी म्हणायचं की सेंट?

नाण्यावर ‘वन सेंट’ लिहिलेलं आहे, टांकसाळीच्या कागदोपत्रीही सेंटच. ‘पेनी’ हे इंग्रजांच्या नाण्याचं नाव अमेरिकन माणसाच्या तोंडी राहून गेलं. बोलताना दोन्ही चालतं. विकत घेताना मात्र ‘१९४३ चा पोलादी लिंकन सेंट’ असंच शोधा, नाहीतर ब्रिटिश पेनीही समोर येतात.

पण नाणं पोलादाचं काढायची वेळ का आली?

तांब्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांची आणि काडतुसांची आवरणं, विजेच्या तारा, टेलिफोनच्या तारा, जहाजांची यंत्रं, सगळ्यालाच तांबं हवं होतं. सेंट तेव्हा ९५ टक्के तांब्याचा होता आणि वर्षाला अब्जावर सेंट पाडले जात होते. त्या मिश्रधातूत, म्हणजे कांशात, थोडं कथील मिसळत, तेही आशियातल्या खाणी जपानच्या हाती गेल्यामुळे मिळेनासं झालं. म्हणून १९४२ मध्ये आधी कथील जवळजवळ काढून टाकलं गेलं.

तेवढ्याने भागेना. मग अनेक पर्याय चाचपून पाहिले गेले. प्लास्टिकचे नमुने झाले, दाबलेल्या तंतूंचे झाले, एका काच कारखान्याने तर काचेचा सेंट बनवून पाहिला. त्यातला एक काचेचा नमुना २०१७ मध्ये लिलावात ७०,५०० डॉलरला गेला. शेवटी मत पडलं ते जस्त चढवलेल्या पोलादावर. १८ डिसेंबर १९४२ ला अमेरिकन काँग्रेसने त्यासाठी कायदा केला आणि १९४३ च्या फेब्रुवारीत नाणी पडायला लागली.

हिशेब करून बघा. जुन्या सेंटचं वजन ३.११ ग्रॅम, त्यात तांबं सुमारे २.९५ ग्रॅम. १९४३ मध्ये १०९ कोटींहून जास्त पोलादी सेंट पडले. म्हणजे सुमारे ३,२०० टन तांबं त्या एका वर्षात टांकसाळीकडे न जाता युद्धाकडे गेलं. हातातल्या पावणेतीन ग्रॅमच्या चकतीकडे मी पाहतो तेव्हा मला हा आकडा आठवतो.

डी, एस किंवा काहीच नाही. याचा अर्थ काय, आणि त्याने किंमत बदलते का?

सालाखाली बघा. अक्षर नसेल तर नाणं फिलाडेल्फियाचं, डी असेल तर डेन्व्हरचं, एस असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं. फिलाडेल्फियाने ६८,४६,२८,६७० नाणी पाडली, डेन्व्हरने २१,७६,६०,०००, सॅन फ्रान्सिस्कोने १९,१५,५०,०००. एस सगळ्यात कमी, म्हणून थोडं महाग, पण फरक काही सेंटचा किंवा चांगल्या दर्जाला काही डॉलरचा. वीस कोटींच्या घरातलं नाणं दुर्मीळ म्हणता येत नाही. ‘एस अक्षर असेल तर लाखो’ असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

लोकांना हे नाणं आवडलं होतं का?

नाही. नवं असताना ते इतकं पांढरं चमकायचं की लोक त्याला चांदीचा डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, समजायचे. डाइम १७.९ मिलीमीटरचा आणि हा १९.०५ चा, फरक जेमतेम एका मिलीमीटरचा. घाईत, कमी उजेडात मोड देताना दुकानदाराचे आणि गिऱ्हाइकाचे रोज वाद व्हायचे. नाणं टाकून माल देणाऱ्या यंत्रांत लोखंडी खोट्या चकत्या अडवायला लोहचुंबक बसवलेला असे. तो या खऱ्या नाण्यालाही खोटं ठरवायचा. आणि काही महिन्यांतच ती चमक जाऊन नाणं शिशासारखं काळवंडायचं.

१९४४ मध्ये टांकसाळ तांब्याकडे परतली. त्या सेंटसाठी सैन्याकडच्या वापरलेल्या पुंगळ्यांचं पितळ वितळवून, त्यात तांबं घालून मिश्रधातू केला गेला. एक वर्ष तांबं पुंगळ्यांकडे गेलं आणि पुढच्या वर्षी पुंगळ्यांमधून नाण्यात परत आलं. संग्राहक या नाण्यांना ‘शेल केस सेंट’ म्हणतात. किंमत किरकोळ आहे, पण पोलादी सेंटच्या शेजारी एक तरी ठेवाच. पोलादी सेंट सरकारने पुढे गाजावाजा न करता बँकांमार्फत परत घ्यायला सुरुवात केली. रद्द मात्र कधीच केले नाहीत. आजही अमेरिकेत तो एक सेंट म्हणून चालतो.

माझं नाणं कडेने गंजलंय, मध्ये ठीक आहे. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर नाण्याच्या जन्मात आहे. आधी पोलादाच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी जस्त चढवलं, आणि मग त्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या. साहजिकच वरची आणि खालची बाजू जस्ताने झाकली गेली, पण कापलेली कड उघडी राहिली. दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि नाणं आडवं धरा. वरखाली फिकट जस्ताच्या दोन रेघा आणि मधे गडद पोलादाची पट्टी दिसेल, दोन पोळ्यांमध्ये पुरण असावं तशी. पाणी पहिल्यांदा शिरतं ते याच पट्टीतून.

मधला भाग ठीक दिसतो, कारण जस्त पोलादाच्या आधी स्वतः झिजतं आणि जिथे आहे तिथे पोलादाला वाचवतं. घराच्या पत्र्यावर जस्त चढवतात ते याच कारणासाठी. जस्त संपलं की लालसर ठिपके सुरू होतात, आणि एकदा आत शिरलेला गंज बाहेर काढता येत नाही.

मग घासून साफ करू का?

नको. कृपा करून नको.

आपल्या घरात जुनं नाणं दिसलं की हात चिंचेकडे, लिंबाकडे, राखेकडे नाहीतर भांडी घासायच्या पावडरीकडे जातो. तांब्या-पितळेच्या भांड्याला ते ठीक आहे. पण आंबट पदार्थ जस्त खातो. एकदा एका ओळखीच्या घरून असं लिंबाने ‘उजळलेलं’ नाणं माझ्याकडे आलं. आदल्या रात्री म्हणे आरशासारखं चमकत होतं. माझ्या हातात आलं तेव्हा लिंकनच्या गालावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटले होते आणि आठवड्याभरात ते एकमेकांना जाऊन मिळाले. नाणं त्याआधी न वापरलेल्या दर्जाचं होतं. मला अजून हळहळ वाटते.

तेलकटपणा किंवा चिकट गोंद असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून, न पुसता हवेवर सुकू द्या. नखांचा रंग काढायच्या बाटलीतलं नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात. खिडकी उघडी ठेवा आणि आसपास गॅस पेटलेला नसावा. बाकी कुठलाही उपाय करू नका. काळपट नाणं काळपटच ठेवा.

तीन नाण्यांचा चकचकीत सेट कार्डात बसवून विकायला आहे. घेऊ का?

मी घेतला होता. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. सुंदर छापील कार्ड, तीन खिडक्या, तिन्ही टांकसाळींची तीन नाणी, तिन्ही एकसारखी लखलखीत. विकणाऱ्याने ‘न वापरलेली’ म्हणून दिली आणि मी तसे पैसे मोजले. घरी येऊन भिंगाखाली धरली तर गव्हाच्या ओंबीवरच्या रेषा पार बुजलेल्या होत्या. नाणं वर्षानुवर्षं खिशांतून फिरलेलं होतं, आणि तरी चमकत होतं. झीज आणि नवी चमक एकत्र नांदत नाहीत. तिथेच मला कळलं.

अशा नाण्यांना ‘रीप्रोसेस्ड’ म्हणतात. काळवंडलेली नाणी आम्लात बुडवून जुनं जस्त काढायचं आणि नव्याने जस्ताचा, कधी क्रोमचा, मुलामा द्यायचा. असा उद्योग गेली अनेक दशकं चालू आहे. बनावट म्हणावीत तर नाही, कारण नाणं टांकसाळीचंच असतं. पण पृष्ठभाग टांकसाळीचा राहत नाही, आणि वर म्हटलं तसं, किंमत पृष्ठभागाची आहे.

ओळखायचं कसं? मूळ नाणं दिव्याखाली हळू तिरकं फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. मुलामा दिलेल्यावर सगळीकडून सपाट, निर्जीव चमक येते. दुसरं, कड बघा. मुलामा देताना अख्खं नाणं बुडवतात, म्हणून मूळ नाण्यात दिसणारी मधली गडद पट्टी झाकली जाते. तिसरं, लिंकनचं गालाचं हाड आणि ओंब्यांच्या रेषा. तीक्ष्ण नसतील तर चमक उसनी समजा.

मुलांना दाखवायला असा सेट स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या. न वापरलेल्या नाण्याचे पैसे देऊन घेऊ नका.

मग ते ‘लाखो डॉलरचं १९४३ चं नाणं’ कोणतं?

उलटी गोष्ट आहे. लाखोंचं नाणं पोलादाचं नाही, तांब्याचं आहे.

१९४२ संपताना टांकसाळीत चकत्या वाहून नेणाऱ्या मोठ्या पेट्यांच्या फटींत काही जुन्या तांब्याच्या, म्हणजे कांशाच्या, चकत्या अडकून राहिल्या. नव्या वर्षात पोलादी चकत्या भरल्या तेव्हा त्या सुटल्या आणि १९४३ च्या ठशाखाली गेल्या, असं मानलं जातं. पोलाद कठीण, त्यामुळे यंत्राचा दाब वाढवलेला होता. म्हणून मऊ कांशावर हा ठसा नेहमीपेक्षा खोल आणि ठसठशीत उमटला.

तिन्ही टांकसाळींचे मिळून असे वीस-पंचवीसच सेंट माहीत आहेत. डेन्व्हरचा तर एकच. तो २०१० मध्ये १७ लाख डॉलरला विकला गेला. मॅसेच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात १९४७ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाला शाळेच्या उपाहारगृहात मोड म्हणून असा सेंट मिळाला. त्याने तो जन्मभर जपून ठेवला. तो २०१९ च्या जानेवारीत २,०४,००० डॉलरला गेला. तेव्हा अफवा उठली होती की हेन्री फोर्ड अशा सेंटच्या बदल्यात नवी मोटार देतो. ते खरं नव्हतं.

एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण व्हिडिओवाले ती सांगत नाहीत. डेन्व्हरचा तोच एकमेव सेंट २०२१ मध्ये पुन्हा लिलावात आला तेव्हा ८,४०,००० डॉलरला गेला. जगात एकच असलेल्या नाण्याची किंमतसुद्धा अकरा वर्षांत निम्म्यावर येऊ शकते.

माझा १९४३ चा सेंट तांब्याच्या रंगाचा आहे! आता?

उत्साह समजतो. पण आधी फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक काढा आणि नाण्याजवळ न्या. खट्कन चिकटलं तर ते पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा आहे. अशी नाणी हजारोंनी केली गेली, जादूच्या दुकानांसाठीही आणि फसवणुकीसाठीही. माझ्याकडे आलेल्या तांबड्या १९४३ पैकी जवळपास सगळी चुंबकाला चिकटली.

चिकटलं नाही तर वजन करा. सोनाराकडचा काटा चालेल, शंभरावा भाग दाखवणारा हवा. खरं कांशाचं नाणं ३.११ ग्रॅमच्या आसपास भरतं, पोलादी २.७ च्या आसपास. वजन जुळलं तरी थांबा, कारण १९४८ च्या सेंटमधल्या आठाची डावी बाजू कोरून त्याचा तीन करतात. खऱ्या १९४३ मधला तीनचा शेपटा लांब असतो आणि शेजारच्या अंकांच्या खाली उतरतो. कुठलाही साधा पोलादी सेंट शेजारी ठेवून दोन्ही तीन भिंगाखाली ताडून बघा. कापलेल्या आठाचा शेपटा आखूड राहतो आणि डावीकडे धातू खरवडल्याची खूण सापडते.

या तिन्ही चाचण्या पार झाल्या, तर मात्र नाणं मऊ कागदात ठेवा, कुणालाही काही दिवसांसाठी ‘दाखवायला’ देऊ नका, आणि ओळखीच्या जाणत्या संग्राहकाला सोबत घेऊन पुढचं ठरवा.

पांढरं आहे, १९४३ आहे, पण चुंबकाला चिकटत नाही. खोटं का?

घाई करू नका. वजन करा. २.५ ग्रॅम भरलं तर ते चांदीच्या डाइमच्या चकतीवर चुकून पडलेलं असू शकतं. तशी काही नाणी ठाऊक आहेत आणि मौल्यवान आहेत. वजन ३.१ च्या आसपास भरलं तर कुणीतरी तांब्याच्या सेंटला पांढरा मुलामा दिला आहे. अर्थात तेव्हाही तारखेतला तीन तपासाच.

१९४४ चा पोलादी सेंटही असतो म्हणतात.

असतो. आणि तो पोलादीच दुर्मीळ, कारण त्या वर्षी नियमाने तांब्याचा हवा. तिन्ही टांकसाळींचे मिळून तीस-चाळीसच ठाऊक आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा २००८ मध्ये ३,७३,७५० डॉलरला गेला.

यामागे एक सुरेख कारण आहे. उरलेल्या पोलादी चकत्यांवर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९४४ मध्ये बेल्जियमसाठी दोन फ्रँकची अडीच कोटी नाणी पाडली. जर्मनांच्या ताब्यातून सुटलेल्या देशाला पहिल्या दिवसापासून सुटे पैसे हवे होते. त्यातल्या काही चकत्या सेंटच्या यंत्रात गेल्या असाव्यात. ते बेल्जियन दोन फ्रँकचं नाणं आज थोडक्या पैशांत मिळतं, त्याच धातूचं, त्याच मापाचं. माझ्या ट्रेमध्ये ते पोलादी सेंटला चिकटूनच ठेवलेलं आहे.

१९४४ चा सेंट चुंबकाला चिकटला तरी तारखेतले शेवटचे दोन्ही अंक नीट बघा. बदललेली तारीख इथेही सापडते.

डी अक्षर दोनदा उमटल्यासारखं दिसतंय.

तेव्हा टांकसाळीची खूण ठशावर हाताने ठोकत. पहिला घाव जागेवर बसला नाही तर दुसरा मारत. १९४३ च्या डेन्व्हर सेंटमध्ये असा डीवर डी ठळक दिसणारा एक प्रकार आहे आणि त्याला साध्या नाण्याच्या कित्येक पट किंमत मिळते. अक्षराच्या डावीकडे, थोडं खाली, पहिल्या डीचा काठ स्पष्ट दिसला पाहिजे. झिजलेल्या ठशामुळे अक्षर नुसतं पसरट दिसत असेल तर त्याला जादा किंमत नाही. घरात सापडण्याची शक्यता असलेली खरी मौल्यवान गोष्ट हीच, म्हणून भिंग लावून डी जरूर तपासा.

ग्रेडिंग करून घ्यावं का?

बहुतेकांना नाही. पीसीजीएस, एनजीसी या संस्था नाणं तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये देतात. भारतातून पाठवण्याचा खर्च, विमा आणि फी धरली तर ती रक्कम साध्या नाण्याच्या किमतीहून कितीतरी जास्त होते. नाणं एमएस-६७ च्या तोडीचं वाटत असेल किंवा वर सांगितलेल्या टांकसाळीच्या चुकांपैकी एखादी त्यात असेल तरच विचार करा. उलट, विकत घेताना मात्र वरच्या दर्जाचं नाणं स्लॅबमधलंच घ्या आणि स्लॅबवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून ताडून बघा.

भारतात असं परदेशी नाणं ठेवणं कायदेशीर आहे का?

हो. परकीय चलनाच्या नियमांत नोटांवर मर्यादा आहे, परदेशी नाणी जवळ बाळगायला मर्यादा नाही. पुरावस्तू कायदा १९७२ चा, तो शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना लागू होतो. १९४३ चा सेंट अजून तेवढा जुना नाही.

फोन आला होता, ‘तुमचं नाणं १५ लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा.’

भरू नका. फोन ठेवा. ही सरळ लूट आहे आणि माझ्या ओळखीतल्या दोन घरांनी तिच्यात पैसे घालवले आहेत. एकात निवृत्त शिक्षिका होत्या. आधी फी, मग जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेचं क्लिअरन्स’ असं करत करत त्यांच्याकडून तीन वेळा पैसे काढले गेले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं आहे की जुन्या नाणी-नोटांच्या असल्या व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती असलं कमिशन कुणाकडून मागत नाही. खरा गिऱ्हाईक नाणं बघतो आणि पैसे देतो. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो. पैसे गेले असतील तर लाजू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

अमेरिकेने आता पेनीच बंद केली. भाव वाढेल का?

चलनातली शेवटची पेनी १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात पडली. त्यानंतर हा प्रश्न वाढला आहे. लोकांचं कुतूहल वाढेल, नवे संग्राहक येतील, चांगल्या दर्जाच्या नाण्यांना थोडी मागणी येईल. पण झिजलेले पोलादी सेंट अजूनही कोट्यवधींनी शिल्लक आहेत. साठा करून ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात सगळंच गंजतं. ठेवू कसं?

तुमचीच काळजी सगळ्यात खरी आहे. नाणं कोरड्या हातांनी, शक्यतो सुती हातमोजे घालून, कडेवर धरा. अंगठ्याचा ठसा सहा महिन्यांत नाण्यावर कोरला जातो. स्वस्त, मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यातल्या पीव्हीसीमुळे हिरवट चिकटपणा येतो. कडक प्लास्टिकची गोल डबी सगळ्यात बरी. ती डबी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जूनच्या आधी पुड्या बदला आणि गणपतीनंतर पुन्हा एकदा. लाकडी कपाटात, डांबरगोळ्यांशेजारी ठेवू नका. देवघरात तर नकोच, तिथे ओलावा असतो आणि हळदी-कुंकवाचे हात लागतात.

आपल्याकडे युद्धात असं काही झालं होतं का?

झालं होतं, आणि त्याच वर्षी. तुमच्या आजीने ‘भोकाचा पैसा’ म्हटलेलं आठवत असेल. १९४३ ते १९४७ मध्ये पाडलेला तो पैसा. मधलं भोक शोभेचं नव्हतं, तांबं वाचवण्यासाठी होतं. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींना एवढं काम झेपेना म्हणून लाहोरला टांकसाळ सुरू झाली, काही पैसे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला पाडले गेले. भोकामुळे राजाचा चेहरा बसवायला जागाच उरली नाही, नुसता मुकुट राहिला. रुपयातली चांदीही १९४० पासून निम्म्यावर आली होती.

अमेरिकेने धातू बदलला, आपल्याकडे मधला धातू काढून घेतला. दोन्हीकडे कारण तांब्याचंच.

नवीन सुरुवात करतोय. काय काय घ्यावं?

फिलाडेल्फिया, डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को, तिन्ही पोलादी सेंट न वापरलेल्या दर्जाचे, मूळ झिलईचे. घाई न करता एकेक. १९४४ चा पुंगळ्यांच्या पितळाचा सेंट. १९४४ चे बेल्जियन दोन फ्रँक. कॅनडाचा १९४४ किंवा १९४५ चा पाच सेंट, तोही पोलादाचा, क्रोम चढवलेला. जमलं तर अमेरिकेचं १९४२ ते १९४५ मधलं युद्धकाळातलं पाच सेंटचं नाणं. त्यात निकेलऐवजी ३५ टक्के चांदी घातली होती, आणि पाठीमागच्या बाजूला इमारतीच्या घुमटाच्या वर टांकसाळीचं मोठं अक्षर असतं, त्यावरून ते ओळखता येतं. आणि १९४३ चा भोकाचा पैसा.

माझ्या भाचीने ही सगळी नाणी पहिल्यांदा टेबलावर मांडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी तिला फक्त लोहचुंबक दिला. तिने तो सगळ्यांवरून फिरवला आणि नाण्यांच्या दोन रांगा केल्या, चिकटणाऱ्यांची आणि न चिकटणाऱ्यांची. मग न चिकटणाऱ्यांतला भोकाचा पैसा उचलून डोळ्याला लावला, त्या भोकातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मामा, याच्या मधलं तांबं कुठे गेलं?”